जया ॲडमिट झाली

१५ जून १९८६, रविवार

जया बी.ए. झाली. फर्स्ट क्लास, विषय भूगोल. निकाल शुक्रवारीच लागला, पण डायरीला हात लावायला मला आज सवड मिळाली. दोन दिवस माणसं येतायत, पेढे खातायत आणि जाताना विचारतायत, "भूगोलात पुढे काय असतं?" मी सांगते, एम.ए. असतं. मग ती विचारतात, "आणि त्याच्या पुढे?" त्याच्या पुढे मलाही माहीत नाही.

ह्यांना कंपनीतून दरवर्षी डायरी मिळायची. हे तिच्यात एवढंच लिहायचे, की अमुक तारखेला वाचनालयातून अमुक पुस्तक आणलं आणि ते बरं आहे की नाही. "बरं नाही" असं लिहून पुस्तक शेवटपर्यंत वाचायचे. मी तिसरी शिकलेली. मला वाचायचा नाद ह्यांनीच लावला. मी पोळ्या लाटायची, हे पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि ऐन रंगात आलं की थांबायचे. "पुढचं तुझं तू वाच." चार वर्षांपूर्वी हे गेले. कंपनीने मला कँटीनमध्ये घेतलं आणि डायरी माझ्या हातात पडायला लागली. आता पुस्तकं मी आणते. बरं नसेल तर मी अर्ध्यात सोडते. तेवढी मी ह्यांच्यापेक्षा शहाणी.

जयापुढे दोन विद्यापीठं आहेत. एक मुंबईचं, कालिन्याला. दुसरं पुण्याचं. तिच्या कॉलेजच्या सुहासिनी मॅडम म्हणतात, पुण्याला जा. दोन्हींचे फॉर्म तिने आणून टेबलावर ठेवलेत. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवू नकोस, असं मला दोनदा बजावलंय.

१८ जून, बुधवार

सगळ्यांना मत आहे. शेजारचे सहदेवभाऊजी कंपनीत टाइमकीपर आहेत. आमच्या मजल्यावर इंग्रजी पत्र कुणालाही आलं तरी तेच वाचतात. ते म्हणाले, "वहिनी, पुणे म्हणजे पुणे. कालिन्याला काय आहे? डोक्यावरून सारखी विमानं. मास्तर बोलतो ते पोरांना ऐकू तरी येतं का?"

त्यांची बायको जानकी दारातूनच म्हणाली, "आणि हॉस्टेलात जेवाक काय गो घालतत? पाण्याची आमटी. चेडू वाळान काटकी होतला."

"तू गप बस. चार वेळा तरी पुणं बघितलंयस का?"

"तुम्ही बघितलास? लग्नाच्या वऱ्हाडातसून गेल्लास, त्या बी रात्री!"

मग त्यांचं आपापसातच जुंपलं. जयाचं काय ठरलं ते राहिलंच.

२२ जून, रविवार

मी ठरवलंय की मध्ये पडायचं नाही. मुलगी शिकलेली आहे, तिचं तिला कळतं. आज जेवताना तिने सरळ विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं? तू ठरव."

त्यावर मी एक शब्द बोलले नाही. फक्त एवढं म्हटलं की कुर्ल्याहून कालिन्याला बस मिळते, वाकोल्याला माझी मावशी आहे, पावसात अडकलीस तर तिच्याकडे राहता येईल, आणि मला घरात एकटीला झोपायची सवय नाही हे काही कारण होऊ शकत नाही. ते कारण नाही, हे मी तिला दोनदा नीट समजावून सांगितलं.

जया ताटाकडे बघत म्हणाली, "मग कालिनाच बरं."

मी म्हटलं, "बघ हं, माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस."

माझी सवय ही खरीच गोष्ट आहे. माहेरी आम्ही दोन खोल्यांत नऊ जण. सासरी आले तर दीर, नणंद, सासूबाई. मग विक्रोळीला ही खोली मिळाली आणि आम्ही तिघं झालो, मग दोघी. माझ्या चव्वेचाळीस वर्षांत घराची कडी आतून लावताना आत मी एकटीच आहे, असं एकदाही झालेलं नाही. पण हे इथे लिहिण्यापुरतं.

फॉर्मवर पालकाची सही हवी. पेनातली शाई संपली होती. जयाने बॉलपेन दिलं, पण बॉलपेनने माझी सही नीट येत नाही.

२८ जून, शनिवार

सहीवरून आज वाजलं.

सोमवारी मी कणीक मळत होते. बुधवारी चष्मा सापडत नव्हता. काल सांगितलं की आधी सगळा फॉर्म मला वाचून दाखव, वाचल्याशिवाय सही करू नये. तिने अक्षरन् अक्षर वाचून दाखवला. तेवढ्यात दूधवाला आला.

आज ती म्हणाली, "आई, पगाराच्या कागदावर दर महिन्याला सही करतेस ना? तिथे बॉलपेनच असतं ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता वाद घालेल. पण तिने फॉर्म उचलले, पिशवीत टाकले आणि चपला घालून गेली. संध्याकाळी आली ती हसत. कालिन्याच्या कारकुनाने सांगितलं, सही प्रवेशाच्या वेळी करा, चालेल. पुण्याचा तिने तसाच पोस्टात टाकला, ती ओळ कोरी ठेवून.

म्हणजे एवढं अडत नव्हतंच. उगाच माझ्या मागे लागली होती.

५ जुलै, शनिवार

कालिन्याची यादी लागली, जयाचं नाव तिसरं आहे. अकरा तारखेपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा. मी दुपारीच शिरा केला. जानकीने दोनदा घेतला.

पुण्याहूनही मुलाखतीचं पत्र आलंय. जया म्हणते, "मी फक्त मॅडमचा शब्द राहावा म्हणून जातेय. जायचं, मुलाखत द्यायची, यायचं." मॅडमच्या मोठ्या बहीण सुगंधाताई पुण्याला असतात. त्या रिटायर्ड शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे दोन-तीन दिवस उतरेल. उद्या निघेल. तेवढ्या रात्री जानकी माझ्याकडे झोपायला येईल.

फक्त मॅडमचा शब्द राखायचा तर बी.ए.च्या तिन्ही वर्षांच्या वह्या कशाला नेतेय, हे मला कळलं नाही. जड होतात, म्हटलं. तर म्हणाली, असू देत.

८ जुलै, मंगळवार

तार आली. जया ॲडमिट आहे. निघते.

१० जुलै, गुरुवार

आता घरी बसून सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

मंगळवारी जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी भाताचं पातेलं घासायला देत होते. कँटीनच्या दारात जानकी उभी. पायात दोन वेगळ्या चपला. तिच्यामागे सहदेवभाऊजी, हातात तार. तार आमच्याकडे दोनदाच आलेली आहे, आणि दोन्ही वेळा आम्ही तेराव्यापर्यंत गावी होतो.

भाऊजींनी तार वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा पुसला. "वहिनी, बसा."

मी बसले नाही.

"जया ॲडमिटेड, असं आहे. गार्डियन सिग्नेचर नीडेड. कम ॲट वन्स. खाली सुगंधा."

"म्हणजे काय, भाऊजी?"

"जयाला ॲडमिट केलंय. पालकाची सही पाहिजे. ताबडतोब या."

"सही कशाला?"

भाऊजी परत चष्मा पुसायला लागले. जानकीच म्हणाली, "ऑपरेशनाक लागता ना गो सही."

मी तार हातात घेतली. मला इंग्रजी येत नाही, पण तो एक शब्द मी कुठेही ओळखीन. ह्यांच्या केसपेपरवर तोच होता, पहिल्याच ओळीत. तेव्हाही मला एक कागद दिला, खाली बोट ठेवून म्हणाले, इथे सही करा. पोटाचं साधं ऑपरेशन आहे, चार दिवसांत घरी. मी सही केली. ह्यांच्याकडे बघून, चांगली वळणदार केली, कारण हे चेष्टा करायचे माझ्या सहीची. मग मी रोज डॉक्टरांना विचारायचे, डिस्चार्ज कधी? ते रोज म्हणायचे, बघू. नवव्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

हे मी कधी कुणाला बोलले नाही. जयालाही नाही.

पिशवी भरली ती सवयीने भरली. थर्मास, पेला, चमचा, टॉवेल, ह्यांच्या वेळी नेलेलं जुनं मऊ लुगडं, वाटेत सहा मोसंबी. भाऊजी रजा टाकून सोबत आले. कुर्ल्याच्या डेपोतून एस.टी. मिळाली. माणूस चांगला आहे, पण धीर देता येत नाही. लोणावळ्याला गाडी थांबली तर खाली उतरून चिक्की घेऊन आले आणि मला विचारतात, "वहिनी, पेशंटला चालेल का?"

त्याआधी घाटात मी नवस बोलले होते. नारळाचा नाही, खणाचा नाही. घाईत दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, देवा, ती धडधाकट दिसू दे. मग तिला पुण्याला जायचंय, जाऊ दे. आणखी लांब जायचंय, जाऊ दे. मी सही करीन.

सुगंधाताईंचं घर शोधेपर्यंत दिवेलागण झाली. घरीच आधी जावं, तिथे कुणीतरी असेल, हॉस्पिटलचं नाव सांगेल, असं भाऊजींचं म्हणणं. कडी वाजवली. दार जयाने उघडलं. एका हातात फणी, तोंडात भज्याचा घास.

"आई! इतक्या लवकर आलीस?"

मी तिचं पोट चाचपून बघितलं. मग कपाळ. मग परत पोट. ती म्हणे, "अगं काय करतेस? गुदगुल्या होतात!" माझ्या मागे भाऊजी चिक्कीचा पुडा छातीशी धरून उभे.

आतून सुगंधाताई आल्या. बारीक, नीटनेटक्या, सत्तरीच्या. भाऊजींनी तार पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि डोक्याला हात लावला. "अहो, विद्यापीठात! पहिल्या यादीत नाव लागलं तिचं. फॉर्मवर पालकांची सही राहिलीय म्हणून ऑफिसने अडवलंय, उद्यापर्यंत मुदत. मी तारेत शब्द वाचवले हो!"

भाऊजी म्हणाले, "तरी व्याकरणाच्या दृष्टीने मी बरोबर वाचली."

मग जया हसायला लागली, ती खाली बसली हसता हसता. सुगंधाताई हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझं काय झालं कळलं नाही. ताईंनी मला आत नेऊन पाणी दिलं. जया माझ्या पिशवीतून एकेक वस्तू काढत होती. थर्मास निघाला, पेला निघाला. लुगडं निघालं तेव्हा तिचं हसू थांबलं. तिने ते घडी करून परत आत ठेवलं, आणि माझ्याजवळ येऊन बसली, चिकटून, लहानपणी बसायची तशी. मोसंबी आम्ही चौघांनी मिळून संपवली.

काल सकाळी विद्यापीठात गेलो. एवढी झाडं आहेत की मला वाटलं वाट चुकलो. भूगोलाच्या इमारतीत एक मोठी खोली, मधोमध लांबलचक टेबलं, भिंतीला लागून कपाटं. त्यांचे खण उथळ आणि रुंद. त्या खणांत नकाशेच नकाशे, नुसते पसरून ठेवलेले. जया तिथे अशी वावरत होती, जशी मी वाचनालयात वावरते. कुठल्या खणात काय आहे हे तिला दोन दिवसांत पाठ झालेलं.

तिने एक नकाशा काढला. "आई, हे बघ. आपलं गाव."

मुंगीएवढी अक्षरं. चष्मा लावून वाचलं, खरंच आमचं गाव. देऊळ दाखवलेलं, पाणंद दाखवलेली, खाडी निळ्या रंगाची. तिने त्याच्या शेजारी दुसरा नकाशा ठेवला, जुना, पिवळा पडलेला. "आता ह्यात खाडी बघ."

जुन्यात खाडी देवळापासून चांगली लांब होती. नव्यात देवळाला येऊन टेकलेली.

हे नेहमी सांगायचे की आजोबांचा कुणगा, म्हणजे भाताच्या शेताचा तुकडा, खाडीने खाल्ला. गावात कुणी विश्वास ठेवत नसे. म्हणायचे, खाडी कसली खाते, भावाभावांनी परस्पर विकला असेल. हे चिडायचे. लहानग्या जयाला सिगरेटच्या पाकिटावर खाडी काढून दाखवायचे, इथे होता बघ, इथे. जयाचं बोट आता बरोबर तिथेच होतं, निळ्या रंगात.

"बाबा खरं सांगत होते," ती म्हणाली. "इथल्या सरांचा हाच अभ्यास आहे. खाडी कधी सरकली, किती, कशामुळे. ते म्हणाले, तुमचं गाव घ्या हवं तर." मग म्हणाली, "पण मी कालिनाच घेते, आई. घरून येऊन-जाऊन होईल."

बोट मात्र नकाशावरून उचललं नाही.

मी म्हटलं, "ते ऑफिस कुठे आहे? बारा वाजता बंद होत असेल."

ऑफिसातल्या माणसाने फॉर्म काढून दिला. सगळा भरलेला, एक ओळ कोरी. मी पेन मागितलं. त्याने बॉलपेन दिलं. जया माझ्याकडे बघत होती, आता मी काय सांगते म्हणून. मी पेन कागदावर टेकवलं आणि परत उचललं. तो माणूस म्हणाला, "सावकाश, मावशी. आणि पूर्ण नाव लिहा."

पूर्ण लिहिलं. रुक्मिणी दत्ताराम घाडी. मधलं नाव लिहिताना मी अंमळ रेंगाळले. चार वर्षांपूर्वी ज्या कागदावर ते लिहिलं होतं, त्याचा मजकूर मी वाचलाच नव्हता. हा वाचला.

जयाने बाहेर येऊन विचारलं, "नक्की ना?"

मी म्हटलं, "मी नवस बोललेय. आता तुझ्या हातात काही नाही."

"कसला नवस?"

"ते तुला कशाला?"

११ जुलै, शुक्रवार

आज कालिन्याची शेवटची तारीख. जया इथेच होती, वह्या आवरत. कँटीनमध्ये मी दोनदा घड्याळ बघितलं. पाच वाजले. झालं.

२० जुलै, रविवार

जया गेली. ट्रंक, वळकटी, लोणच्याच्या दोन बरण्या. सहदेवभाऊजी सोडायला गेले. आता ते स्वतःला पुण्याचे जाणकार समजतात. जानकीने हॉस्टेलच्या आमटीचा विषय शेवटपर्यंत सोडला नाही.

दारातून निघताना जया म्हणाली, "आई, तू काय ते खरं सांग. राहशील ना?"

मी म्हटलं, "मी काय लहान आहे?" मग तिला एवढंच सांगितलं की पोचल्यावर पत्र टाक, तार नको.

२१ जुलै, सोमवार

काल रात्री कडी लावली. मग उघडून बघितली, नीट लागते का ते. परत लावली. जानकी भिंतीपलीकडून ओरडली, "काय गो, कडी मोडतलंस!" म्हणजे भिंत पातळ आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, हा दोष आहे.

पुस्तक काढलं. चांगलं चाललंय. ऐन रंगात आल्यावर मी सवयीने थांबले. मग पुढचं माझं मी वाचलं.

२ ऑगस्ट, शनिवार

जयाची तीन पत्रं आली. आमटीबद्दल जानकीचं म्हणणं बरोबर निघालं, पण हे तिला सांगायचं नाही. सरांनी जयाला आमचं गाव दिलंय. दिवाळीत ती खाडीवर जाणार, मोजायला. मी पण जाईन म्हणते. कुणगा कुठे होता ते बघून येईन.

आज कँटीनमध्ये एक गंमत झाली. आमच्यात शांताबाई म्हणून नवीन बाई लागलीय. डाळ निवडताना घरच्या गोष्टी निघाल्या. तिने विचारलं, मुलंबाळं?

मी म्हटलं, "एक मुलगी आहे. पुण्याला ॲडमिट आहे."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "अगं बाई! कशानं?"

"भूगोलानं."

तिला काही कळलं नाही. असेल काहीतरी मोठं दुखणं, असं वाटलं असावं. चेहरा एवढासा करून तिने हळूच विचारलं, "मग डिस्चार्ज कधी?"

हा प्रश्न नऊ दिवस मी दुसऱ्यांना विचारला होता. मला तो कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"दोन वर्षांनी," मी म्हटलं. "मधे दिवाळीला घरी सोडतात."